तिसऱ्या मजल्याचा भोंगा

आईसाठी आणलेली संत्री पिशवीतून काढता काढता तिची नजर छताकडे गेली आणि हात तिथेच थांबला. खाटेच्या बरोबर वर धुराचा डिटेक्टर होता आणि त्याच्यावर लाल प्लास्टिकची टोपी होती. आता ही टोपी म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही. आपल्याला वाटेल, असेल शोभेला. पण इमारतींमधले आगीचे अलार्म आणि वीज गेल्यावर लागणारे दिवे तपासण्यात जिची बावीस वर्षं गेली, तिला बरोबर कळलं. रंगकामाची धूळ आत शिरू नये म्हणून डिटेक्टरला टोपी घालतात आणि रंगारी गेले की त्याच दिवशी काढतात. टोपी असेपर्यंत डिटेक्टर आंधळा. खाली खाट पेटली तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

इथलं रंगकाम होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत तिचं इथे येणं झालं नव्हतं, आईशी बोलणं फोनवरच.

"काय गं, काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. आलेच मी."

ती खोलीबाहेर आली. वृद्धाश्रमाचा हा तिसरा मजला, सगळ्यात वरचा, फक्त बायकांचा. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, वीस खाटा आणि वीस म्हाताऱ्या. ती मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, एकेका खोलीत डोकावली. चौदा डिटेक्टर आणि चौदा टोप्या. मजल्यावरची मदतनीस, जिला सगळे मावशी म्हणायचे, चहाची ट्रॉली ढकलत चालली होती. तिने पण वर बघितलं.

"ताई, वरून काही पडतंय का?"

"अजून नाही," ती म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी गेली. परक्या कुणाचं काम असतं तर तिने चार शब्द सुनावले असते, वर कळवलं असतं आणि संत्री सोलत बसली असती. पण या इमारतीची देखभाल होती तिच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे. तिनेच त्याला या कामात आणलं होतं, हाताला धरून वायर सोलायला शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आई इथे राहायला आली तेव्हा तिने स्वतःकडची ही इमारत मुद्दाम त्याच्या हवाली केली. तिचं काम तेव्हा गावभर पसरलं होतं, त्याचं जवळपास होतं. पोटचा पोरगा आहे, आईच्या डोक्यावरचं यंत्र डोळ्यांत तेल घालून तपासेल, असं तिला वाटलं. वाटलं बिचारीला!

ती जिन्याने खाली निघाली. जिना इमारतीच्या पोटात होता, त्याला एकही खिडकी नव्हती. दिवसाढवळ्या दिवे लावायला लागायचे. खाली आल्यावर ती सरळ ऑफिसच्या मागच्या भिंतीपाशी गेली, जिथे अलार्मचं पॅनेल होतं. पॅनेलवर कुणीतरी छान मोठं कॅलेंडर टांगलं होतं. तिने ते उचललं. मागे एक पिवळा दिवा गुपचूप जळत होता आणि त्याच्याशेजारी छोट्या पडद्यावर अक्षरं होती: तिसरा मजला – बंद.

म्हणजे नुसत्या टोप्या नाहीत. अख्खा मजला पॅनेलवरून तोडून ठेवलेला. वर धूर झाला तर खाली कळणार नाही आणि खाली आग लागली तर वरचा भोंगा वाजणार नाही. आणि हे करायला लागते ती किल्ली फक्त देखभाल करणाऱ्याकडे असते.

पॅनेलखाली खणात रजिस्टर होतं. तिने ते उघडलं. भावाचं अक्षर लहानपणापासून सुरेख, बाईंनी वर्गात दाखवावं असं. त्याच सुरेख अक्षरात दर महिन्याला लिहिलेलं: 'सर्व मजले तपासले. डिटेक्टर ठीक. भोंगे ठीक.' आणि दोन महिन्यांपूर्वीची वार्षिक नोंद: 'जिन्यातील इमर्जन्सी दिवे, तीन तास, ठीक. सुरुवात दहा, समाप्ती एक.'

हे वाचून मात्र तिला हसायला आलं, वाईट हसायला. तीन तासांची चाचणी म्हणजे शिक्षा असते. जिन्याची वीज तोडायची आणि बॅटरीवरचे दिवे पूर्ण तीन तास टिकतात का ते बघत पायरीवर बसून राहायचं. दुसरं काही करता येत नाही. तिने अशा शेकडो जिन्यांत बसून शब्दकोडी सोडवली होती, गुडघे धरून घेतले होते. हा पठ्ठ्या न्हाव्याच्या खुर्चीत दहा मिनिटं कधी स्वस्थ बसला नाही. म्हणे दहा ते एक! बटण दाबलं असेल, दिवा लागलेला बघितला असेल आणि तीन तास लिहून चहाला गेला असेल.

"ताई, तुम्ही? या ना, बसा ना," मॅनेजर आला. हा मनुष्य फार गोड बोलायचा, इतकं गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी. "काही शोधताय का?"

"हे कॅलेंडर इथे कुणी लावलं?"

"ते होय? अहो, तो पिवळा दिवा दिवसभर डोळ्यांसमोर येतो. आल्यागेल्याला उगाच शंका. तुमचे बंधू म्हणाले, तसं काही काळजीचं नाही."

तिने कॅलेंडर काढून त्याच्या हातात दिलं आणि भावाला फोन लावला.

"आईकडे ये," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. येताना शिडी आण, दांडा आण, किल्ली आण."

"का गं ताई, काय झा..."

तिने फोन बंद केला.

वीस मिनिटांत तो आला. खांद्यावर शिडी, हातात धुराच्या चाचणीचा लांब दांडा, तोंडावर हसू. तिचा चेहरा बघितला आणि हसू उतरलं. मोठ्या माणसाचं असं पोरासारखं तोंड झालेलं बघून एरवी तिला माया आली असती. आज उलट आणखी चीड आली.

"टोप्या," ती म्हणाली.

"अरे हो! त्या काढायच्या राहिल्या बघ."

"राहिल्या? चौदाच्या चौदा? चार महिने?"

"वर जाणंच झालं नाही गं."

"दर महिन्याला सही आहे तुझी इथे. सर्व मजले तपासले म्हणून."

"अगं पण मजलाच बंद आहे ना?" तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. "बंद मजल्यावर जाऊन मी तपासणार काय?"

हे तो अगदी सरळपणे बोलला. आणि मग तिचा जो आवाज लागला, त्याने बाहेरचा रखवालदार आत डोकावून गेला. कामावरचे लोक तिला पाठीमागे 'भोंगा' म्हणायचे ते काही उगाच नाही. "लाज वाटत नाही? वीस म्हाताऱ्या आहेत वर! अर्ध्या जणींना धड उठता येत नाही, आणि तुझी आई आहे त्यांच्यात! आगीला काय सांगणार आहेस, मजला बंद आहे, उद्या ये? कुणी बंद केला मजला? याने सांगितलं?" तिने मॅनेजरकडे बोट केलं.

"छे छे, मी कशाला सांगू," मॅनेजर दोन पावलं मागे सरला. "म्हणजे मला कल्पना होती. पण सांगितलं नाही मी."

"मग कुणी?"

भाऊ शिडीच्या पायाला लागलेला रंग नखाने खरवडत राहिला. "आईने," तो म्हणाला.

आता तिच्या रागाला जायला जागा उरली नाही. ती गर्रकन वळली आणि जिना चढायला लागली. भाऊ शिडी घेऊन मागे, मॅनेजर कॅलेंडर घेऊन त्याच्या मागे.

आई खाटेवर बसून संत्र्याच्या फोडी करत होती. दोघांना एकत्र बघून तिने ओळखलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण डोकं दोघा मुलांच्या वर.

"हो, मीच सांगितलं," तिने विचारायची वाटसुद्धा बघितली नाही. "त्याला ओरडू नकोस. खालपर्यंत आवाज नेलास की वरही येतो."

"आई, तू भोंगा बंद करायला सांगितलास? तू?"

"समोरची ती खाट बघ." आईने सुरीने दाखवलं. खाटेवर कुणी नवीन बाई झोपली होती. "तिथे कोण होतं आठवतं? दिवसभर विणत बसायची ती. तुला पण मोजे दिले होते तिने. रंगकामाच्या आधीच्या महिन्यात तुमचा भोंगा वाजला तेव्हा ती बाथरूममध्ये होती. दचकली, घसरली, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. तुमच्या भोंग्याने एक माणूस नेलं माझ्या डोळ्यांदेखत. आगीने अजून एकही नेलेलं नाही."

"म्हणून कायमचा बंद?"

"मग काय करू? दर महिन्याला जीव मुठीत धरून बसू? पुढच्या वेळी माझी पाळी आली तर? मी बाळाला म्हटलं, एवढं कर माझ्यासाठी. त्याने केलं." बाळ म्हणजे हा, वय वर्षं बेचाळीस. "तो माझं ऐकतो तरी. तू येतेस ती आधी छताकडे बघतेस, मग माझ्याकडे."

हे लागलं. बरोबर जिथे लागायला पाहिजे तिथे लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला.

"बघते! बघणारच!" ती म्हणाली. "कारण मला भीती वाटते, आई. तुझे गुडघे असे, तू तिसऱ्या मजल्यावर, तो जिना असा. झोपेत माझ्या डोळ्यांपुढे येतं ते. मी छताकडे बघते ते तुझ्यासाठीच बघते. आणि तुम्ही दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलंत. आणि तू रे, तिने सांगितलं म्हणून केलंस! उद्या ती म्हणेल खिडकीतून ढकल, तर ढकलशील?"

"ताई, बास ना," भाऊ म्हणाला.

"शिडी लाव. टोप्या काढ. सगळ्या."

त्याने शिडी लावली. त्याने एकेक टोपी काढून खिशात कोंबली, खिसे भरल्यावर शर्टात टाकल्या. तोवर ती त्याच्याकडची किल्ली घेऊन खाली गेली, पॅनेलवर तिसरा मजला चालू केला, पिवळा दिवा विझलेला बघितला आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. भोंगा आता फक्त तीच बंद करू शकत होती. मॅनेजर म्हणत होता की ही विश्रांतीची वेळ आहे, आधी सूचना लावू, पुढच्या आठवड्यात सोयीने करू. ती त्याच्या बाजूने निघून गेली.

वर आल्यावर तिने दांडा उचलला. दांड्याच्या टोकाला पेला असतो आणि पेल्यात खोट्या धुराचा डबा. तो तिने पॅसेजच्या मधल्या डिटेक्टरला लावला आणि वाट बघितली. कुणालाही काही न सांगता. बावीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

भोंगा वाजला. खणखणीत वाजला. पॅसेजभर, खोल्याखोल्यांत, भिंती हादराव्यात असा. तिच्या छातीवरचा एक दगड उतरला. वायर शाबूत होती, यंत्र शाबूत होतं, आईचा मजला आता मुका-बहिरा नव्हता.

आणि मजल्यावर कुणी हललं नाही.

एक म्हातारी कानांत बोटं घालून बसली. एकीने रेडिओचा आवाज वाढवला. मावशी कपात चहा ओततच राहिली, एक थेंब सांडू दिला नाही तिने. दोघी-तिघी जरा चुळबुळल्या, पाय खाली सोडायला लागल्या, तेवढ्यात आईच्या खोलीतून आईचा आवाज आला, भोंग्याच्या वरताण: "उठू नका गं कुणी! माझीच लेक आहे ती. तपासतेय. होईल बंद आता."

त्या दोघी-तिघींनी पाय परत वर घेतले.

ती दांडा धरून तशीच उभी राहिली. 'चाचणी आहे, कुणी उठू नका.' हे वाक्य तिचं होतं. दर चाचणीच्या आधी मजल्यामजल्यावर जाऊन ती हेच ओरडायची, लोक घाबरू नयेत म्हणून. शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये, इथेसुद्धा. भावाला पण तिनेच शिकवलं होतं. वर्षानुवर्षं हजारो माणसांना तिने एकच गोष्ट पाठ करून घेतली होती की भोंगा वाजला की बसून राहायचं. कुणाच्या नावाने खडे फोडायचे आता? तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

पण राग आला की ही बाई थांबत नाही, हे तिचं जुनं दुखणं.

"आईला खाली ने," ती भावाला म्हणाली. भोंग्यात ओरडूनच बोलायला लागत होतं.

"आत्ता? लिफ्ट तर भोंग्याबरोबर बंद पडली असेल."

"आगीत पडतेच. जिन्याने ने. तू बंद केलास ना मजला? मग तूच ने."

"मी कुठे जायची नाही," आई म्हणाली.

"आई, ऊठ!"

असा आवाज तिने आईवर जन्मात लावला नव्हता. आईने सुरी खाली ठेवली. संतापाने उठली. मुलाच्या दंडाला धरून जिन्याच्या दारापर्यंत गेली.

दारापाशी विजेचा बोर्ड होता. ताईने जिन्याच्या दिव्यांचा खटका खाली ओढला. नेहमीचे दिवे गेले आणि वळणावळणावरचे बॅटरीवरचे दिवे लागले, फिकट पांढरे. तिने घड्याळ बघितलं. मग ती त्या दोघांच्या पुढे झाली, दोन पायऱ्या खाली, तोंड त्यांच्याकडे करून उलटी उतरायला लागली. आई पडलीच तर तिच्या अंगावर पडली असती. खिशात टॉर्च होता. तो तिने हातात घेतला, लावला नाही.

आई एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, श्वास घ्यायची, मग पुढची पायरी. पहिलं वळण यायलाच तीन मिनिटं गेली. चौथ्या मिनिटाला वरचा दिवा पिवळा झाला, मग तांबूस, मग गेला. दुसऱ्या मजल्याच्या दाराशी पोहोचेपर्यंत आणखी एक गेला. ते दार उघडून एका आजोबांनी डोकं बाहेर काढलं.

"लाइट गेली का हो?"

"आजोबा, अलार्म वाजतोय. खाली चला," ती म्हणाली.

"असू दे असू दे, तपासत असतील," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

सातव्या मिनिटाला खालचे उरलेले दोन्ही दिवे बरोबरच गेले. आता स्वतःचा हात दिसेना. वरून खालून भोंगा कोकलत होता आणि मधे तिघं.

"ताई, टॉर्च लाव," भाऊ म्हणाला.

ती आणखी एक पायरी उतरली.

"ताई, पुरे झाली चेष्टा. आई आहे इथे."

"तीन तास टिकतात हे दिवे," ती म्हणाली. "तू लिहिलंयस. दहा ते एक."

"चुकलं माझं! शंभरदा चुकलं! लाव आता!"

"आगीत कुणाला हाक मारशील?"

आईची चप्पल निसटून पायऱ्यांवरून टपटप खाली गेली. मग आईचा आवाज आला, इतका वेळचा करारीपणा गेलेला, बारीक. "बाळा, मला पायरी सापडत नाहीये."

तिचा अंगठा टॉर्चच्या बटणावर होता. दाबावं, नुसतं दाबावं, एवढंच तर आहे. तिला रडू फुटलं होतं आणि भोंग्यात ते कुणाला ऐकू जात नव्हतं. आपण आपल्या आईशी काय करतोय, हे तिला लख्ख कळत होतं, आणि तरी अंगठा दाबला जात नव्हता. तेवढ्यात समोर हालचाल झाली. भाऊ खाली बसला असावा. त्याचं हुंदके देणं जवळून ऐकू आलं, मग आईचं कण्हणं. त्याने आईला पाठुंगळी घेतलं होतं. खांद्याने भिंत चाचपत, एकेक पायरी पायाने शोधत तो उतरायला लागला. ती पुढे हात पसरून उलटी उतरत राहिली. त्याचा गुडघा मधूनमधून तिच्या हाताला लागायचा.

खालचं दार उघडलं तेव्हा उजेडाने तिघांचेही डोळे मिटले. घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती.

रखवालदाराने आपली खुर्ची दिली. आई तीत बसली, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. भाऊ तिच्या पायाशी फरशीवर बसकण मारून बसला. शर्टातल्या लाल टोप्या घरंगळून फरशीभर झाल्या. मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला.

"झालं ना ताई? बघितलंत ना? आता बंद करा तो भोंगा, हात जोडतो. उद्या सगळे दिवे बदलू. मी स्वतः उभा राहीन."

ती आईकडे बघत होती. आई आता शिव्या देईल, आई आता रडेल, आई आता म्हणेल की पुन्हा तोंड दाखवू नकोस. यातलं काहीही आलं तरी ती ऐकून घेणार होती.

आईने पाणी घेतलं नाही. तिचं लक्ष जिन्याच्या दाराकडे होतं, त्या काळ्या चौकटीकडे.

"माझ्यामागून कोण आलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, आई," भाऊ म्हणाला. "तू एकटीच. नुसती तपासणी होती ती."

"तू गप्प बस." आईने खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि उठायला लागली. "मी त्यांना बसायला सांगून आले. रेडिओवाली, ती नवीन, सगळ्या पाय खाली सोडत होत्या, मीच म्हटलं उठू नका. माझा शब्द मोडायच्या नाहीत त्या. धूर नाकात गेला तरी बसून राहतील."

"आई, बस. खरी आग नाहीये," ताई म्हणाली.

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे का? तुम्ही मला वर न्या. मी जाऊन उठवल्याशिवाय एकजण उठायची नाही. चला, कोण नेतंय?"

भाऊ फरशीवरून उठला. त्याने ताईच्या हातातला टॉर्च घेतला, लावला आणि जिन्याच्या दारात जाऊन उभा राहिला. ताई खुर्चीसमोर पाठमोरी बसली, आईचे दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती घेतले आणि दात आवळून उठली. आई वाटली होती त्याहून पुष्कळ जड होती. भोंगा वाजतच होता आणि तिने तो वाजू दिला.